कुत्रा सांगतो, मांजर सांगत नाही

कुत्रा प्रामाणिक आणि मांजर मतलबी, हे मी लहानपणापासून इतक्या जणांच्या तोंडून ऐकलंय की आता कोणी म्हटलं की मी हातातलं काम बाजूला ठेवते आणि बोलायलाच बसते. इंदूरला राजवाड्याजवळच्या माझ्या माहेरी मांजरं होती, एकीची पिल्लं मोठी होऊन त्यांची पिल्लं असं चालूच, आणि लग्न होऊन लोकमान्य नगरला आले तर इथे सासरी कुत्रा, सासूबाईंना मांजर म्हटलं की अंगावर काटा, तरी पुढे यथावकाश एक मांजर पण आलंच. म्हणजे कित्येक वर्षं मी दोघांना एकाच स्वयंपाकघरात पायात घुटमळताना बघतेय. आणि माझं ठाम म्हणणं आहे की प्रेम दोघं सारखंच करतात, स्वभाव वेगळा आहे तो एका ठिकाणी, अडचण आली की कुत्रा आपल्याकडे बघतो आणि मांजर बघत नाही. ते प्रामाणिक-मतलबी वगैरे सगळं आपण यातूनच काढलंय.

आधी दोघांची ओळख करून देते. गब्बू आमच्या गल्लीतलाच देशी, बिस्किटाच्या रंगाचा, एका कानाचं टोक कापलेलं (नसबंदी झालेल्या रस्त्यावरच्या कुत्र्यांना ती खूण करतात, म्हणजे पुन्हा पकडून नेत नाहीत). एका पावसाळ्यात आमच्या जिन्याखाली बसायला लागला आणि मग उठलाच नाही. ठमी तिरंगी, पांढरी-काळी-केशरी. अशी तीन रंगांची मांजरं जवळपास सगळी मादीच असतात, कारण केशरी रंगाचा जीन एक्स गुणसूत्रावर असतो आणि केशरी-काळं दोन्ही एकत्र दिसायला दोन एक्स लागतात.

तर गब्बूचा बॉल दिवाणाखाली गेला की तो काय करतो, एकदा पंजा आत घालून बघतो, मग वळतो आणि माझ्याकडे बघतो, मग दिवाणाकडे, मग परत माझ्याकडे. भुंकत पण नाही. नुसता बघतो आणि त्या बघण्यात पूर्ण वाक्य असतं. ठमीची झाकणाची गोळी त्याच दिवाणाखाली गेली तर ती आडवी पडते, खांद्यापर्यंत हात आत घालते, जागा बदलते, दुसऱ्या बाजूने जाते, मी अगदी शेजारी बसलेली असते पण माझ्याकडे ढुंकून बघत नाही. जमलं तर जमलं, नाही जमलं तर उठून अंग चाटत बसते आणि विषय संपला.

हे फक्त आमच्या घरातलं नाहीये. बुडापेस्टच्या मिक्लोशी या शास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हे नीट तपासलंय. आधी 2003 मध्ये कुत्रा आणि माणसांनी वाढवलेला लांडगा, आणि 2005 मध्ये कुत्रा आणि मांजर. खाणं समोर दिसतंय पण काढता येत नाही अशी व्यवस्था करायची आणि बघायचं काय करतात. कुत्रे थोड्या प्रयत्नानंतर मालकाकडे वळून बघायला लागतात. लांडगे, अगदी बाटलीने दूध पाजून वाढवलेले असले तरी, स्वतःच झटत राहतात, आणि मांजरं पण तशीच. गंमत म्हणजे बोटाने दाखवलेलं खाणं शोधण्यात मांजरं कुत्र्यांपेक्षा कमी नव्हती! म्हणजे आपण काय सांगतोय हे मांजराला कळतं, ते आपल्याला विचारायला येत नाही एवढंच.

का, तर दोघं आपल्याकडे आली त्या वाटाच वेगळ्या. कुत्रा आला तेव्हा माणूस शेती पण करत नव्हता. लांडगे कळपाने राहणारे, एकाने बघितलं की दुसऱ्याने समजायचं, त्याच्यावरच त्यांची शिकार आणि त्यांचं पोट. जर्मनीत बॉनजवळ 1914 साली एक कबर सापडली होती, साधारण 14,000 वर्षांपूर्वीची, त्यात एक पुरुष, एक बाई आणि कुत्र्याचं पिल्लू. खूप नंतर, 2018 च्या सुमाराला त्या पिल्लाचे दात परत तपासले तर लक्षात आलं की त्याला डिस्टेंपर (कुत्र्यांचा एक जीवघेणा आजार) झाला होता, आजाराचे झटके येऊन गेले होते आणि मधे आठवडे गेले होते, म्हणजे कोणीतरी त्याला ऊब देत, पाणी पाजत, पुसत जगवत होतं. त्या वयाचं आजारी पिल्लू शिकारीच्या काही कामाचं नव्हतं. डिस्टेंपरची पिल्लं मी आमच्या गल्लीत पाहिलीत, ते नाकाडोळ्यातून वाहणं, ते झटके, आणि त्यांच्यापाशी रात्रभर बसणारे कॉलनीतले पोरं पण पाहिलेत, त्यामुळे ते वाचलं तेव्हा मला फार भरून आलं होतं.

मांजर आलं त्याच्या कितीतरी नंतर, धान्य साठायला लागलं, उंदीर आले, उंदरांच्या मागे आपलं मांजर. कोणी बोलावलं नाही, कोणी शिकवलं नाही. पश्चिम आशिया-आफ्रिकेतलं ते रानमांजर एकटं शिकार करणारं, त्याच्या आयुष्यात मदतीला येणारं कोणी नसतंच, मग वळून बघायचं कोणाकडे? पण म्हणून लळा लागला नाही असं नाही. सायप्रस बेटावर साधारण 9,500 वर्षांपूर्वीची एक कबर मिळाली, 2004 मध्ये त्याबद्दल छापून आलं, माणसाशेजारी मांजर पुरलेलं. आणि त्या बेटावर मूळची मांजरं नव्हतीच, म्हणजे कोणीतरी होडीत घालून ती नेली होती.

कुत्र्यात मात्र माणसाजवळ राहून राहून शरीरच बदललं. गब्बू भुवई उचलून बघतो ना, ती उचलणारा एक छोटा स्नायू कुत्र्यांमध्ये असतो आणि लांडग्यात तो जवळजवळ नसतोच, हे 2019 मध्ये दाखवलंय. आणि 2015 मधलं एक जपानी संशोधन आहे की कुत्रा आणि त्याचा माणूस एकमेकांकडे बघत बसले की दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन नावाचं हार्मोन वाढतं, तेच जे आई आणि बाळात काम करतं. सासूबाईंना मी हे सांगितलं तर म्हणाल्या, "अगं त्यात नवीन काय, तो बघतो म्हणून तर मी त्याला पोळी देते." 😊

पोळीवरून खाण्याचं सांगायलाच हवं कारण आमच्या इंदूरला याचा थेट संबंध आहे. स्टार्च पचवण्याचा एक जीन असतो, लांडग्यात त्याच्या दोनच प्रती आणि कुत्र्यांमध्ये चारपासून तीसपर्यंत, 2013 मध्ये हे समोर आलं. म्हणजे पोळीवर कुत्रा निभावून नेऊ शकतो, माणसाचं अन्न खात खातच तो कुत्रा झालाय. मांजराचं तसं अजिबात नाही. मांजराला गोड चव कळतच नाही, तो जीनच बंद पडलेला आहे, सकाळी घरात गरम जिलबी आली की गब्बू वेडापिसा होतो आणि ठमी हुंगून निघून जाते. आणि मांजराला टॉरिन नावाचं पोषकद्रव्य लागतं, जे मांस-मासळीतच मिळतं, ते नसलं तर डोळ्यांचा पडदा खराब होतो आणि हृदय कमजोर होतं. आपल्या मराठी घरांमधून वर्षानुवर्षं मांजराला दूध-पोळी घालतात, बाकी काही नाही, आणि ते उंदीर-पाली मारून स्वतःचं भागवत असतं म्हणून टिकतं. पण फ्लॅटमध्ये बंद मांजर ठेवलं आणि घर शाकाहारी असलं तर त्याला मांजरांचंच तयार खाणं आणून द्यायला हवं, यात तडजोड नको. मोठ्या झालेल्या बऱ्याच मांजरांना दूध पण पचत नाही.

आणि पोहे. आपल्या पोह्यांवर शेव, जीरावन मसाला आणि कच्चा कांदा भुरभुरलेला असतो, लोक प्रेमाने तोच द्रोण कुत्र्यापुढे ठेवतात. कांदा कुत्र्याला आणि मांजराला, दोघांना विषारी आहे, रक्तातल्या लाल पेशी फुटतात त्याने, मांजराला तर थोड्याशानेही. मनुका पण कुत्र्याला देऊ नका, किडनी जाते. ठेल्यावर मी हे सांगते, कितीही वेळा सांगावं लागलं तरी सांगते. "भिया, कांदे वाला मत दो उसको", एवढंच म्हणायचं, लोक ऐकतात, वाईट मनाने कोणीच देत नसतं.

स्वभावातला तो फरक सगळ्यात स्पष्ट दिसतो तो रंगपंचमीला. बाहेरच्यांना आमची गेर, म्हणजे रंगपंचमीची मिरवणूक, माहीत असेलच, राजवाड्यापाशी लाखांनी माणसं, टँकर, रंगाच्या तोफा, डीजे. आमच्याकडे तेवढा आवाज येत नाही पण सकाळपासून गल्लीत ढोल आणि गाड्या सुरू होतात. गब्बू त्या दिवशी मला सोडत नाही. मी ओट्याशी तर पायात, मी बाथरूममध्ये तर दाराशी, अंग थरथरतंय आणि पूर्ण वेळ नजर माझ्या चेहऱ्यावर, की मी घाबरलेय का. मी शांतपणे भाजी चिरत राहिले की तो हळूहळू खाली बसतो. ठमी सकाळीच नाहीशी होते. माळ्यावर गाद्यांच्या मागे एक फट आहे तिथे जाऊन बसते, हाक मारली तरी येत नाही, खायला ठेवलं तरी येत नाही, आणि रात्री सगळं शांत झालं की येऊन काहीच झालं नव्हतं असं ताटलीपाशी बसते. दोघांची भीती तेवढीच असते हो, मी ठमीला त्या फटीत टॉर्च लावून पाहिलंय, तिच्या डोळ्यांची बुबुळं पूर्ण काळी झालेली असतात.

लोक म्हणतात कुत्रा माणसाला धरून असतो आणि मांजर घराला. मला हे पटत नाही. अमेरिकेत ओरेगनला 2019 मध्ये मांजराच्या पिल्लांवर तोच प्रयोग केला जो लहान मुलांवर करतात, माणूस खोलीतून थोडा वेळ बाहेर जातो, परत येतो, आणि परत आल्यावर पिल्लू काय करतं ते बघायचं. साधारण 64 टक्के पिल्लं माणूस परत आल्यावर निवांत झाली, थोडं अंग घासलं आणि परत खेळायला लागली, म्हणजे त्यांचा आधार तो माणूसच होता. मुलांमध्येही प्रमाण जवळपास तेवढंच येतं. जपानमध्ये दाखवलंय की मांजर आपल्या माणसाचा आवाज आणि स्वतःचं नाव ओळखतं, फक्त उठून येत नाही, कान तेवढा हलवतं. आणि डोळे हळूच अर्धवट मिटून उघडायचे, मांजराकडे बघून, तर ते पण तसंच करतं आणि जवळ यायला जास्त तयार होतं, हे 2020 मध्ये इंग्लंडच्या लोकांनी तपासलं. करून बघा खरंच. आमच्याकडे मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणून त्याला ढोंगी ठरवून टाकलंय, आणि त्याचं डोळे मिटणं हा तर विश्वास आहे.

आपल्या देवाधर्मात पण कुत्र्याची बाजू भक्कम आहे. दत्तापाशी चार कुत्रे, खंडोबाबरोबर कुत्रा, आणि खंडोबा तर होळकरांचं कुलदैवत, राजवाड्यात मल्हारी मार्तंडाचं मंदिर आहे, धर्मराजाबरोबर शेवटपर्यंत चालत गेला तो पण कुत्राच. मांजराच्या वाट्याला आडवं जाणं आलं आणि गोष्टींमधलं ते खोटं तप करणारं मांजर. एवढंच की आजी म्हणायची मांजर मारलं तर काशीला जाऊन सोन्याचं मांजर दान करावं लागतं. ती भीती कोणी घातली असेल त्याला मी मनापासून हात जोडते, किती मांजरं वाचली असतील त्याने.

आता ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहायला घेतलं ते.

अडचण आली की कुत्रा सांगतो आणि मांजर सांगत नाही, हे खेळण्यापुरतं असतं तर काही नव्हतं, पण आजारपणात पण हेच होतं. गब्बूच्या पायात काच गेली होती तेव्हा तो तीन पायांवर उडत आला, पंजा माझ्या मांडीवर ठेवला आणि कण्हायला लागला. पोट बिघडलं की गवत खातो, कोपऱ्यात बसतो, सगळ्यांच्या तोंडाकडे बघतो, शेजारचे पण विचारतात आज याला काय झालंय. मांजर दुखणं लपवतं. ते शिकारी आहे तसंच मोठ्या जनावरांचं भक्ष्य पण आहे, आणि एकटं राहणारं, त्याच्या पूर्वजांमध्ये ज्याने दुखणं दाखवलं तो मेला. म्हणून ते गप्प बसतं, जास्त झोपतं, आणि आपण म्हणतो मांजरच ते, झोपणारच. त्यात परत मांजर दुखत असताना पण गुरगुरतं, त्यामुळे गुरगुरतंय म्हणजे खुशीत आहे हे पण धरून चालता येत नाही.

आमच्या समोरच्या काकूंचा बोका, भलामोठा, गळ्यात लाल पट्टा. त्याची शी-शूची मातीची पाटी त्यांनी गॅलरीतून आत हलवली आणि तो दोन दिवस सारखा पाटीत जाऊन बसायचा, उठायचा, परत जाऊन बसायचा, काही केलेलं दिसायचं नाही. घरातल्यांना वाटलं जागा बदलली म्हणून रुसलाय. ते घरचे सगळे त्याच्यावर जीव टाकणारे लोक आहेत, दुर्लक्ष अजिबात नव्हतं, कुत्रा असता तर पहिल्या तासात सगळ्यांना कळलं असतं. त्याची लघवी तुंबली होती. बोक्यांमध्ये मूत्रमार्ग अगदी बारीक असतो, खड्यांनी किंवा घट्ट चिकट साक्याने तो बंद होतो, मग रक्तात पोटॅशियम वाढतं आणि एक-दोन दिवसांत हृदय बंद पडू शकतं. योगायोगाने मी संध्याकाळी तिकडे गेले होते, त्याच्या पोटाला हात लावला तर आत लिंबाएवढं टणक लागलं आणि तो, कधी न चावणारा, माझ्यावर फिस्कारला. रात्रीच डॉक्टरांकडे नेलं, भूल देऊन नळी घातली, तीन दिवस सलाईन, वाचला. डॉक्टर म्हणाले सकाळपर्यंत थांबला असता तर अवघड होतं. काकू आजही त्याला पाटीत बसलेलं पाहिलं की हातातलं टाकून उभ्या राहतात.

म्हणून बोका वारंवार पाटीत जातोय, जोर करतोय आणि ओलं काही होत नाहीये, तर सकाळची वाट बघू नका. रात्रीचे दोन वाजले असले तरी उचला आणि न्या. मांजराने दिवसभर तोंडात काही घातलं नाही तर दुसऱ्या दिवशी फोन करा, जाड मांजर असेल तर अजूनच लवकर, कारण उपाशी राहिलं की त्याच्या लिव्हरमध्ये चरबी साठून लिव्हर बसतं, कुत्रा दोन दिवस न जेवता निभावतो पण मांजर तसं निभावत नाही. दुखतंय का हे चेहऱ्यावर बघायची एक पद्धत माँट्रियलच्या पशुवैद्यांनी 2019 मध्ये बसवली आहे, कान बाहेरच्या बाजूला वळलेत का, डोळे बारीक केलेत का, तोंडाचा भाग ताठ आहे का, मिशा सरळ ताणल्यात का, डोकं खांद्यांपेक्षा खाली आहे का. मी ठमीचा चेहरा रोज सकाळी चहा घेताना अशी बघते, एक मिनिट पण लागत नाही. आणि महिन्यातून एकदा पिशवीत बसवून सामानाच्या काट्याला लावते. चार किलोच्या मांजराचं चारशे ग्रॅम कमी झालं तर डोळ्यांना दिसत नाही, पण ते दहा टक्के आहे, साठ किलोच्या बाईचं सहा किलो उतरल्यासारखं.

माझी भाची हल्लीच निपानियाला फ्लॅटमध्ये राहायला गेली, दोघं नवरा-बायको नोकरीवाले, तिने विचारलं, "मावशी, कुत्रा घेऊ का मांजर?" तिच्या नवऱ्याला हस्की हवा होता. इंदूरच्या मे महिन्यात, 42-43 डिग्रीत, बर्फातला कुत्रा, आणि दोघं दिवसभर ऑफिसात, मी सरळ नाही म्हटलं. त्याला वाटत होतं की जात बघून घेतलं की स्वभाव ठरलेला मिळतो, पण 2022 मध्ये हजारो कुत्र्यांवर एक मोठा अभ्यास झाला त्यात जातीवरून एकेका कुत्र्याच्या वागण्यातला जेमतेम 9 टक्के फरक सांगता आला. प्रत्येक कुत्रा वेगळा, प्रत्येक मांजर वेगळं. माहेरी आमच्याकडे एक बोका होता जो बाबांच्या स्कूटरचा आवाज ओळखून गेटवर जायचा, आणि गब्बूच्या आधीची आमची कुत्री दिवसभर गच्चीत एकटी बसायची, हात लावलेला तिला आवडायचा नाही.

मी तिला विचारलं, दिवसातले किती तास तुमच्यापैकी कोणीतरी घरी असतं? कुत्र्याला ते तास हवेत. तो दिवसभर दाराकडे बघत राहणार आणि त्याचं बघणं वाया जाणार, हे मला सहन होत नाही. मांजराला तास कमी चालतात, पण जे तास घरी आहात त्यात त्याच्याकडे लक्ष पाहिजे, त्याने मागितलं नाही तरी, आणि हे रोज, दहा-पंधरा वर्षं. ती म्हणाली जमेल. मग शेल्टरमधली दोन वर्षांची एक करडी मांजर ठरली, नसबंदी झालेली, लसी झालेल्या. (रेबीजची लस मांजराला पण तेवढीच गरजेची आहे, कुत्र्याची घेतात आणि मांजराची राहते.)

आणायच्या आधी तिला कामं देऊन ठेवलीत. न्यायची टोपली आत्तापासून हॉलमध्ये उघडी ठेवायची, आत जुना टॉवेल घालून, म्हणजे ती तिथे झोपायला शिकेल आणि डॉक्टरकडे नेताना ओढाताण होणार नाही. पाटी खाण्यापासून लांब. कपाटावर एक जागा रिकामी, लपायला, आणि तिथून तिला कधी ओढून काढायचं नाही. पहिले काही दिवस एकाच खोलीत ठेवायचं आणि आपण नुसतं जमिनीवर बसायचं, पुस्तक वाचत, तिच्याकडे रोखून न बघता. फ्लॅट सहाव्या मजल्यावर आहे, मांजर पायावर पडतं म्हणून त्याला काही होत नाही हे अजिबात खरं नाही, जबडा आणि छाती फुटते, तेव्हा गॅलरी आणि खिडक्यांना जाळी लागल्याशिवाय मांजर घरात आणायचं नाही हे मी तिच्या नवऱ्याकडून पण कबूल करून घेतलंय. जाळीवाला रविवारी येतोय.